व्हीएमडीके थेट एलव्हीवर उतरवली, आता व्हीएम उठेना

उसाचा_फड (मंगळवार, रात्री ११.४०)

मंडळी, तातडीची मदत हवी आहे. साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक मदतनीस पोरगा आणि एक कुरकुरणारा यूपीएस.

गेटावरच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालतं, आणि तो विंडोज म्हणजे व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.७ वरची एक व्हीएम, सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी संगणक, आहे. ६.७ चा सपोर्ट २०२२ मध्येच संपला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, कायमस्वरूपी परवाने बंद झाले, आणि नवं कोटेशन आलं तेव्हा आमच्या चीफ अकाउंटंटनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. म्हणून यंदा नव्या सर्व्हरवर लिनक्स, आणि व्हीएम चालवायला केव्हीएम आणि लिबव्हर्ट. बॉयलर पेटायच्या आत काटा हलवायचाय. गाड्या आल्या की मग कुणी ऐकत नाही.

केलं ते असं. व्हीएम बंद केली, व्हीएमडीकेच्या, म्हणजे व्हीएमवेअरच्या आभासी डिस्कच्या, दोन्ही फाइली नव्या सर्व्हरवर आणल्या. डिस्क १०० जीबीची. रेड कार्डावर एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) आहे, त्यात १०४ जीबीचा एलव्ही, म्हणजे एक तुकडा, काढला, म्हटलं हात सैल असावा. मग क्यूएमयू-इमेजच्या कन्व्हर्टने व्हीएमडीके थेट त्या एलव्हीवर उतरवली. आउटपुट फॉरमॅट क्यूकाऊ२ (व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमयूचा स्वतःचा डिस्क फॉरमॅट) दिला, कारण सगळीकडे वाचलं की त्यात स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची जपलेली अवस्था, मिळतात. टक्केवारी शंभरला गेली, एकही एरर नाही. व्हर्ट-मॅनेजरमध्ये नवी व्हीएम केली, डिस्क म्हणून तो एलव्ही दाखवला, सुरू केली. काळ्या पडद्यावर ‘नॉट अ बूटेबल डिस्क’.

क्यूएमयू-इमेजची इन्फो चालवली तर ‘डिस्क साइझ’ चक्क शून्य. म्हणजे काही उतरलंच नाही का? सर्व्हर रूममधून फोनवर लिहितोय, त्यामुळे कमांड शब्दांत सांगितल्यात, चालवून घ्या.

धोंडोपंत (मंगळवार, रात्री ११.५२)

मूळ व्हीएमडीके उडवली नाही ना? तेवढं आधी सांगा आणि मग झोपा.

कर्नल_पॅनिक (बुधवार, रात्री १२.०५)

उतरलंय सगळं. तुमची गफलत डिस्कच्या व्याख्येत आहे, कॉपीत नाही.

आधी त्या शून्याचं. इन्फो दोन आकडे दाखवते. ‘व्हर्च्युअल साइझ’ म्हणजे गेस्टला, व्हीएमच्या आतल्या सिस्टिमला, दिसणारी डिस्क. ‘डिस्क साइझ’ म्हणजे फाइलसिस्टिमने त्या फाइलला खरोखर किती ब्लॉक दिलेत ते. एलव्हीसारख्या ब्लॉक डिव्हाइसला फाइलसिस्टिम नाही, म्हणून तिथे शून्य येतो. एलव्हीवर इमेज ठेवणारा प्रत्येक जण एकदा तरी या शून्याला घाबरतो. मीही घाबरलोय.

आता मुद्दा. इन्फोमध्ये ‘फाइल फॉरमॅट’समोर क्यूकाऊ२ दिसतंय? आणि व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलीत) डिस्कच्या ड्रायव्हरचा टाइप काय आहे? पैज लावतो, तिथे ‘रॉ’ असणार, म्हणजे डिस्कचे बाइट जसेच्या तसे. व्हर्ट-मॅनेजरला एलव्ही दिला की तो रॉ धरतो, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. तुमच्या एलव्हीच्या पहिल्या बाइटपासून क्यूकाऊ२चा हेडर आहे: क्यू, एफ, आय ही अक्षरं आणि चौथा बाइट हेक्समध्ये एफबी. बायॉसला त्याच जागी एमबीआर, म्हणजे बूटचा पहिला सेक्टर, हवा असतो. त्याने पाहिलं, त्याला काही कळलं नाही, तो गप्प बसला.

एक्सएमएलमध्ये टाइप क्यूकाऊ२ करा, व्हीएम उठेल. पण तोवर त्या एलव्हीवर काहीही लिहू नका. रेस्क्यू सीडी नको, फिक्स-एमबीआर नको.

उसाचा_फड (बुधवार, रात्री १२.११)

हो, रॉच आहे.

आणि अजून एक सांगायचं राहिलं. तुमचा प्रतिसाद यायच्या आधी लाइव्ह लिनक्सने ती व्हीएम बूट केली होती. एफडिस्क म्हणालं पार्टिशन टेबलच नाही. मग मी एक नवीन टेबल लिहून पाहिलं.

धोंडोपंत, मूळ व्हीएमडीके आहे. जुना सर्व्हरही तसाच उभा आहे.

धोंडोपंत (बुधवार, रात्री १२.१३)

मग झोपा.

निशिगंध (बुधवार, सकाळी ८.२०)

फड, रात्री जे झालं ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या खेपेला मूळ प्रत हाताशी असेलच असं नाही.

डिस्क रॉ म्हणून जोडलेली होती. म्हणजे गेस्टचा सेक्टर शून्य तोच एलव्हीचा सेक्टर शून्य, मध्ये कुणी दुभाषा नाही. तुम्ही नवीन पार्टिशन टेबल लिहिलंत ते थेट क्यूकाऊ२च्या हेडरवर. त्या पहिल्या शंभरेक बाइटांत क्लस्टरचा (डेटा साठवायच्या तुकड्याचा) आकार, एल१ टेबल (क्लस्टर शोधायची अनुक्रमणिका) कुठे आहे, रेफकाउंट टेबल (कुठला क्लस्टर वापरात आहे त्याची मोजणी) कुठे आहे, हे सगळं असतं. आत विंडोजचा डेटा अजून आहे, पण क्लस्टर लिहिले गेले त्या क्रमाने ठेवलेला. पोथीची पानं सगळी हजर, फक्त पृष्ठांक पुसलेले. हेक्स एडिटर घेऊन हेडर पुन्हा बांधता येतो, पण मूळ प्रत असताना ती हौस कशाला? पुन्हा कन्व्हर्ट करा.

फाइल आणि डिव्हाइस यांच्यातला फरक इथे नडतो. फाइलला नाव असतं, एक्सटेन्शन असतं, स्वतःची लांबी असते. चुकून रॉ समजलात तरी ‘काटा डॉट क्यूकाऊ२’ हे नाव डोळ्यात खुपतं. एलव्हीला यातलं काही नाही. आत काय आहे आणि ते कुठे संपतं, हे त्याला माहीत नसतं, ते बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. मी एलव्हीच्या नावातच फॉरमॅट घालते: ‘काटा-रॉ’, ‘लेखा-क्यूकाऊ’. एलव्हीएमच्या टॅगमध्येही लिहून ठेवते. ऑफिसात हसतात, हसू देत.

आता उतरवताना रॉ करा. आधीच एलव्हीएमवर आहात, एकाच गेस्टची डिस्क आहे, स्नॅपशॉटची गरज वर्षातून दोनदा पडणार. त्यासाठी मधला एक थर कायम अंगावर बाळगण्यात अर्थ नाही.

सांजवात (बुधवार, सकाळी ९.४५)

एक अडाणी प्रश्न. एवढी भानगड आहे तर साधी एक्सटी४ किंवा एक्सएफएस करून त्यावर क्यूकाऊ२ फाइल का ठेवू नये? घरी माझ्या सगळ्या व्हीएम अशाच आहेत, काही अडत नाही.

अवलिया_रूट (बुधवार, सकाळी १०.३०)

प्रश्न अडाणी नाही. घरी आणि छोट्या ऑफिसात फाइलच ठेवावी, असं माझं सरळ मत आहे. कॉपी करता येते, हलवता येते, चुकून एलव्ही-रिमूव्ह मारण्याची धास्ती नाही.

ब्लॉक डिव्हाइसकडे जायची कारणं वेगळी. एक, मधली फाइलसिस्टिम जाते, तिचं जर्नल आणि तिचं फ्रॅगमेंटेशन जातं, लेटन्सी जास्त सरळ राहते. दोन, आणि हे खरं कारण: सॅन, म्हणजे अनेक सर्व्हरना सामायिक असलेलं नेटवर्कवरचं स्टोरेज. आयस्कझी किंवा फायबर चॅनलवरून आलेलं लून (त्यातली एक डिस्क) दोन होस्टना, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरना, एकाच वेळी दिसतं. त्यावर एक्सटी४ करून दोन्हीकडे माउंट केलंत तर संध्याकाळपर्यंत फाइलसिस्टिमचा भुगा. त्यावर एलव्हीएम करून प्रत्येक व्हीएमला एक एलव्ही दिला, तर एका वेळी एकच होस्ट तो एलव्ही उघडेल एवढी शिस्त पाळली की काम भागतं.

ती शिस्त तुमचं क्लस्टर सॉफ्टवेअर पाळतं, क्यूएमयू नाही. क्यूएमयू २.१० पासून इमेजला कुलूप घालतं, ‘फेल्ड टू गेट राइट लॉक’ हा निरोप त्याचाच. पण ते कुलूप त्या एका होस्टच्या कर्नलमधलं. शेजारच्या होस्टने तेच लून उघडलं तर त्याला कुलूप दिसतच नाही.

टिंबटिंब (बुधवार, सकाळी ११.०२)

कन्व्हर्टची काय गरज? व्हीएमडीकेच्या दोन फाइली असतात, एक छोटी मजकुराची, दुसरी मोठी ‘फ्लॅट’. ती फ्लॅट फाइल म्हणजे रॉच असते. सरळ डीडी (बाइट जसेच्या तसे उतरवणारी कमांड) करा एलव्हीवर, ब्लॉक साइझ चार मेगाबाइट, कन्व्ह-स्पार्स लावा म्हणजे शून्यं लिहीत बसत नाही, निम्म्या वेळात होतं. मी कायम असंच करतो.

कर्नल_पॅनिक (बुधवार, सकाळी ११.२०)

फ्लॅट रॉ असते हे खरं. पण कन्व्ह-स्पार्स एलव्हीवर? नको रे बाबा.

स्पार्स म्हणजे सगळी शून्यं असलेला ब्लॉक आला की डीडी तो लिहीत नाही, पुढे उडी मारतं. नव्या फाइलमध्ये उडी मारलेल्या जागी भोक राहतं आणि वाचताना शून्यं मिळतात, म्हणून चालतं. एलव्हीमध्ये भोक नसतं. तिथे आधी जे होतं तेच राहतं. एलव्ही-क्रिएट फक्त सुरुवातीचे चार किलोबाइट पुसतं, बाकी डिस्कवर मागच्या बिऱ्हाडकरूचं सामान तसंच पडलेलं असतं. आणि फडच्या एलव्हीत तर कालच्या क्यूकाऊ२चे क्लस्टर ठासून भरलेत.

मी हे केलंय, म्हणून तावातावाने लिहितोय. सात-आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडे मेल सर्व्हर हलवला, अगदी याच युक्तीने. बूट झाला, लॉगिन झालं, सगळे खूश. तिसऱ्या दिवसापासून काही मेलबॉक्समध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या लॉगचे तुकडे यायला लागले. डेटाबेसच्या फाइलींमध्ये जिथे शून्यांची पानं असायला हवी होती तिथे त्याच जागेवरच्या जुन्या टेस्ट व्हीएमची घाण. एफएसचेक बिचारं ‘सगळं ठीक’ म्हणत होतं, कारण मेटाडेटा ठीकच होता. दोन रात्री गेल्या शोधण्यात. कारण कळलं तेव्हा गिऱ्हाइकासमोर ‘हार्डवेअरचा प्रॉब्लेम असावा’ असं पुटपुटलो, त्याची आजही लाज वाटते.

क्यूएमयू-इमेज कन्व्हर्ट हे ओळखतं. डिव्हाइस आधीपासून शून्य आहे असं ते गृहीत धरत नाही, शून्यांच्या जागी मुद्दाम शून्यं लिहितं, आणि जमेल तिथे कर्नललाच सांगतं की एवढा पट्टा शून्य कर, त्यामुळे फार हळूही नसतं. मात्र ५.० पासून त्यात ‘टार्गेट-इज-झीरो’ नावाचा स्विच आलाय. तो दिलात की तुम्ही शपथेवर सांगताय की डिव्हाइस कोरं आहे. शपथ खोटी निघाली तर माझा मेल सर्व्हर होतो.

टिंबटिंब (बुधवार, सकाळी ११.४१)

बाप रे. माझे सगळे एलव्ही थिन पूलवर (लिहाल तेव्हाच जागा देणारा एलव्हीएमचा प्रकार) आहेत म्हणून वाचलो असेन बहुतेक. नवा थिन एलव्ही शून्यच वाचला जातो ना?

निशिगंध (बुधवार, दुपारी १२.१०)

नवा असेल तर हो, पूलचं झीरोइंग कुणी बंद केलेलं नसेल तर. जुना परत वापरलात तर नाही. आधी ब्लॉक-डिस्कार्ड (जुना मजकूर टाकून देणारी कमांड) करून घ्या.

आणि थिन पूलवर असाल तर डेटा टक्का आणि मेटाडेटा टक्का यांवर अलार्म लावा, आजच. पूल भरला की कर्नल साठ सेकंद वाट बघतो, कुणी जागा वाढवली नाही तर सगळ्या गेस्टना लिहिण्याची एरर मिळते. एकाला नाही, सगळ्यांना.

सांजवात (बुधवार, दुपारी १२.३५)

मग एलव्हीवर क्यूकाऊ२ ठेवतं तरी कोण? निशिगंधताई म्हणतात त्यांचा ‘लेखा-क्यूकाऊ’ आहे.

निशिगंध (बुधवार, दुपारी १.५०)

बरेच जण ठेवतात. व्हीएम सांभाळणाऱ्या ओव्हर्टने सॅनवर वर्षानुवर्षं हेच केलं. तशाच प्रॉक्समॉक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये ९.० आणलं, त्यात साध्या जाड एलव्हीएमवरही स्नॅपशॉट मिळतात, अजून प्रीव्ह्यू म्हणून, आणि आत खेळ हाच आहे: प्रत्येक स्नॅपशॉटला एक एलव्ही, त्यावर क्यूकाऊ२, आणि एकामागे एक साखळी. व्हीएमवेअर सोडून येणाऱ्यांकडे सॅन आधीच असतं, त्यामुळे ही मागणी जोरात होती.

जेवणाची सुट्टी आहे म्हणून हिशेब मांडते, कारण हा कुणी नीट सांगत नाही.

क्यूकाऊ२चा क्लस्टर मुळात ६४ किलोबाइटचा. एका जीबीत असे १६,३८४ क्लस्टर. प्रत्येक क्लस्टर कुठे आहे त्याची नोंद एल२ टेबलात ८ बाइटची, म्हणजे जीबीमागे १२८ किलोबाइट. प्रत्येक क्लस्टरचा रेफकाउंट २ बाइटचा, म्हणजे ३२ किलोबाइट. एकूण जीबीमागे १६० किलोबाइट. १०० जीबीला साडेपंधरा एमबीच्या थोडं वर, हेडर, एल१ वगैरे धरून १६ एमबीच्या आसपास. (सगळे जीबी, एमबी १०२४ च्या पटीतले. दुकानदाराच्या हार्ड डिस्कचे १००० च्या पटीतले, तो वाद वेगळ्या धाग्यात.)

म्हणजे १०० जीबीची क्यूकाऊ२ बरोबर १०० जीबीच्या एलव्हीवर ठेवलीत, तर शेवटच्या सोळा एमबीची सोय केलेली नाही. पहिली दोन वर्षं काही होत नाही, कारण गेस्टने डिस्क भरलेलीच नसते. मग एका मार्च महिन्यात अकाउंट्सवाले बॅकअपची झिप करतात, गेस्टला वाटतं अजून जागा आहे, क्यूकाऊ२ पुढचा क्लस्टर मागायला जाते आणि डिव्हाइस संपलेलं असतं. फाइल असती तर वाढली असती. एलव्ही आपणहून वाढत नाही. क्यूएमयू अशा वेळी व्हीएम थिजवून ठेवतं, म्हणजे ‘पॉज्ड’. हे खरं तर उपकार आहेत: एलव्ही वाढवा, रिझ्यूम करा, गेस्टला काही झाल्याचं कळतही नाही. पण रात्री दोनला ‘पॉज्ड’ बघून माणूस आधी रीसेट मारतो.

आतले स्नॅपशॉट घेतलेत तर जुने क्लस्टर धरून ठेवले जातात, मग सोळा एमबीचं गणित विसरा, गिगाबाइटांत मोजा.

हा हिशेब हातानेच करायला हवा असं नाही. क्यूएमयू-इमेजमध्ये ‘मेझर’ नावाची सबकमांड आहे, २.१० पासून. तिला मूळ इमेज आणि हवा तो फॉरमॅट सांगितलात की दोन आकडे देते: आत्ता लागणारी जागा, आणि पूर्ण भरल्यावर लागणारी जागा. दुसऱ्या आकड्याएवढा एलव्ही काढा. एलव्हीएम तो चार एमबीच्या पटीत वर ढकलतंच. नंतर कधीही ‘चेक’ चालवलंत, अर्थात व्हीएम बंद असताना, तर शेवटी ‘इमेज एंड ऑफसेट’ येतो. क्यूकाऊ२ डिव्हाइसमध्ये कुठवर पोचलंय ते तिथे दिसतं. इन्फोमधल्या त्या शून्यापेक्षा हा आकडा कामाचा.

उसाचा_फड (बुधवार, दुपारी ३.१५)

हे सोन्यासारखं आहे. प्रिंट काढून यूपीएसवर चिकटवतो.

आता रॉ मध्ये कन्व्हर्ट लावलंय. सोर्स फॉरमॅट व्हीएमडीके, आउटपुट रॉ, सोबत ‘हायफन एन’ दिलाय. पोरग्याने विचारलं कशाला, तर सांगता आलं नाही.

अवलिया_रूट (बुधवार, दुपारी ३.३०)

‘एन’ म्हणजे ‘टार्गेट बनवू नकोस, समोर आहे त्यात ओत’. एलव्हीवर रॉ लिहिताना दिला काय, न दिला काय, फरक जवळपास नाही, कारण बनवायचं असं काही नसतंच. क्यूकाऊ२ला मात्र फरक पडतो: ‘एन’ दिलात तर आधी क्रिएटने हेडर लिहिलेला हवा, नाहीतर कोऱ्या डिव्हाइसवर क्यूकाऊ२ शोधत बसेल आणि नाही म्हणेल.

छोट्या मजकुराच्या व्हीएमडीकेवरच कमांड चालवली ना? फ्लॅटला व्हीएमडीके म्हणून देऊ नका. आणि जुन्या सर्व्हरवर त्या व्हीएमचे स्नॅपशॉट होते का? शून्य-शून्य-एक वगैरे शेपटाच्या फाइली? ओळखीतल्या एकाने फक्त मूळ डिस्क उचलली, सर्व्हर छान उठला, आणि त्यात गेल्या दिवाळीनंतरची एकही नोंद नव्हती. सगळं डेल्टा फाइलीत राहिलं होतं.

उसाचा_फड (बुधवार, दुपारी ३.३४)

स्नॅपशॉट नव्हते, बघितलं. एकदाचं काहीतरी बरोबर केलं.

धोंडोपंत (बुधवार, दुपारी ४.०५)

मध्येच एक जुनं दुखणं सांगतो, रॉ वापरणार आहात म्हणून. एक्सएमएलमध्ये टाइप रॉ आहे तो तसाच लिहिलेला राहू द्या, ‘आपोआप ओळखेल’ म्हणून काढू नका.

कारण असं. रॉ डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये काय लिहायचं हे गेस्टच्या हातात असतं. गेस्टमधल्या एखाद्या वात्रट माणसाने तिथे क्यूकाऊ२चा हेडर लिहिला, आणि त्यात ‘माझी बॅकिंग फाइल’ (स्वतःत नसलेला डेटा जिथून वाचायचा ती फाइल) म्हणून होस्टवरच्या पासवर्डच्या फाइलचा पत्ता दिला, तर? पुढच्या वेळी होस्टने फॉरमॅट आपोआप ओळखला की झालं, होस्टची फाइल गेस्टच्या डिस्कमध्ये वाचायला हजर. हे कल्पनेतलं नाही, २०१० मध्ये याच कारणाने लिबव्हर्टने आपोआप ओळखणं मुळात बंद केलं. क्यूएमयू आजही फॉरमॅट सांगितला नाहीत तर चेतावणी देतं आणि ब्लॉक शून्यावर लिहिण्यावर बंधन घालतं. ६.१ पासून तर बॅकिंग फाइलचा फॉरमॅटही सांगावाच लागतो.

लोक ती चेतावणी वाचत नाहीत. पिवळ्या रंगात नसते ना.

उसाचा_फड (बुधवार, संध्याकाळी ६.२०)

कन्व्हर्ट झालं. बूट करायच्या आधी कुठेतरी वाचल्याप्रमाणे क्यूएमयू-इमेज कंपेअर चालवलं, मूळ व्हीएमडीके एका बाजूला, एलव्ही दुसऱ्या बाजूला. निकाल: ‘इमेज साइझ मिसमॅच’ अशी चेतावणी आणि मग ‘कंटेंट मिसमॅच’, ऑफसेट १०७३७५२३०९७६.

आता काय राहिलं? पोटात गोळा आलाय.

कर्नल_पॅनिक (बुधवार, संध्याकाळी ६.४१)

गोळा गिळा. तो आकडा १०० जीबीच्या आत आहे की बाहेर, ते बघा.

१०० जीबी म्हणजे १०७३७४१८२४०० बाइट. तुमचा ऑफसेट त्याच्या बरोबर एक एमबी पुढे. म्हणजे मूळ डिस्क जिथे संपते तिथपर्यंत बाइटला बाइट जुळलंय. पुढचे चार जीबी हे तुमच्या ‘हात सैल’चे. कन्व्हर्टने तिथे हातच लावलेला नाही, आणि तिथे आधीचं काहीतरी पडून आहे. कंपेअरचा नियम असा की एक इमेज मोठी असेल तर जास्तीची शेपटी सगळी शून्य असायला हवी, तरच ‘जुळलं’ म्हणेल.

दुरुस्ती: शेपटी पुसा. ब्लॉक-डिस्कार्ड शून्य लिहायच्या मोडमध्ये, ऑफसेट १०७३७४१८२४०० पासून पुढे. आकडा दोनदा वाचा, पोरग्याकडून मोठ्याने वाचून घ्या. किंवा सोपं म्हणजे एलव्ही १०० जीबीवर आणा. एरवी एलव्ही लहान करणं हे पाप, पण रॉ डिस्क बरोबर शंभरावर संपतेय आणि पुढे फक्त कचरा आहे, तेव्हा इथे चालेल. मी पहिला मार्ग घेईन.

शेपटी पुसायला मी एवढा मागे का लागलोय: जीपीटी (एमबीआरनंतरची नवी पार्टिशन पद्धत) डिस्क असेल तर तिच्या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांमध्ये असते. डिस्क मोठी केली की ती प्रत मध्येच अडकते, आणि खऱ्या शेवटी जुन्या एखाद्या व्हीएमची प्रत असेल तर पार्टिशनची साधनं गोंधळतात. एसजीडिस्कने ती शेवटी सरकवता येते. तुमची बायॉसवाली जुनी एमबीआर डिस्क दिसतेय, म्हणजे हा ताप नाही.

उसाचा_फड (बुधवार, रात्री ८.५०)

शेपटी पुसली. पोरग्याने आकडा तीनदा वाचला, तिसऱ्यांदा चालीवर. कंपेअर आता साइझची चेतावणी देतं पण इमेजेस सारख्या आहेत म्हणतं.

बूट केलं, विंडोजचा लोगो आला, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि निळा पडदा. ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

निशिगंध (बुधवार, रात्री ९.०५)

अभिनंदन, खरंच. निळा पडदा म्हणजे बूटलोडर सापडला, कर्नल चढला. आता फक्त विंडोजकडे व्हर्टआयओचा, म्हणजे केव्हीएमच्या आभासी डिस्कचा, ड्रायव्हर नाही.

डिस्कचा बस साटा करा आणि बूट करा. उठलं की एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ बसवर जोडा, व्हर्टआयओ-विनच्या आयएसओमधून ड्रायव्हर टाका, ती डिस्क डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसली पाहिजे. मग बंद करून खरी डिस्क व्हर्टआयओवर न्या. २०१२ आर२ आहे, नव्या आयएसओतले ड्रायव्हर घेईलच असं नाही, जुनी आवृत्ती शोधावी लागेल.

वजनकाटा आहे म्हणालात, इंडिकेटर सिरीयल केबलवर आहे ना?

उसाचा_फड (बुधवार, रात्री ९.०८)

अगं बाई, हो. कॉम-वन. ते विसरलोच होतो.

अवलिया_रूट (बुधवार, रात्री ९.२०)

होस्टचा सिरीयल पोर्ट गेस्टला देता येतो, एक्सएमएलमध्ये सिरीयलचा टाइप ‘डेव्ह’ करून होस्टचा टीटीवायएस-शून्य दाखवा. फक्त नव्या सर्व्हरला मागे तो नऊ पिनांचा पोर्ट आहे का ते आधी बघा. हल्ली नसतो.

उसाचा_फड (शुक्रवार, सकाळी ७.३०)

नव्हता. यूएसबीचं कन्व्हर्टर मागवून बसवलं, होस्टवर त्याचं बाय-आयडीचं नाव वापरलं म्हणजे दुसऱ्या खाचेत घातलं तरी नाव बदलणार नाही.

काल रात्री साटावर उठला, दुसऱ्या प्रयत्नात व्हर्टआयओवर गेला. आज पहाटे रिकामा ट्रॅक्टर काट्यावर उभा करून पाहिलं. पडद्यावरचं वजन आणि इंडिकेटरवरचं वजन एक. ड्रायव्हर विचारत होता, माझंच वजन कशाला करताय सकाळी सकाळी.

एलव्हीचं नाव बदलून ‘काटा-रॉ’ केलंय. पुढच्या आठवड्यात लेखा विभागाचा लिनक्स सर्व्हर आणायचाय, त्याच्या आत पुन्हा एलव्हीएम आहे. काही खबरदारी?

कर्नल_पॅनिक (शुक्रवार, सकाळी ८.१५)

आहे. होस्टचं एलव्हीएम जुनं असेल किंवा कुणी सेटिंग बदललं असेल, तर रॉ एलव्हीच्या आत डोकावून गेस्टचा व्हीजी (एलव्ही ज्यातून निघतात तो गट) होस्टवरच उघडतं. होस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे एकच व्हीजीचं नाव निघालं की मग मज्जा. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये ‘स्कॅन-एलव्हीज’ शून्य आहे ना ते बघा. आणि गेस्टच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या इमेजमध्ये) व्हर्टआयओ घालून घ्या, जुन्या सर्व्हरवर चालू असतानाच, ती बनवणाऱ्या ड्रॅकटला ‘नो-होस्टओन्ली’ सांगून. नाहीतर निळ्याऐवजी काळा पडदा.

धोंडोपंत (शुक्रवार, सकाळी ८.१७)

आणि जुना सर्व्हर गळीत संपेपर्यंत पुसू नका.